दुधाच्या टाकीत मासे

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. स्टीलची, दुहेरी भिंतीची, जड झाकणाची. माझा जन्म दुधासाठी झाला आणि आज माझ्या पोटात मासे राहतात. हे सांगताना मला अजूनही शिसारी येते. पुढे जे सांगायचे आहे ते याहूनही घाण आहे, तेव्हा ज्यांचे जेवण नुकतेच झाले असेल त्यांनी थोडे थांबून वाचावे.

एका कारखान्यात, पत्र्यांच्या ढिगाशेजारी मला घडवले. ज्या कारागिराने माझे सांधे जोडले, त्याने ते इतके घासले की बोट फिरवले तरी सांधा कुठे आहे ते कळू नये. दूध अशाच फटीत अडकते, तिथेच नासते आणि मग सगळ्या टाकीला वास मारतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. घासताना तो माझ्या आत कमरेपर्यंत वाकलेला असे आणि त्याच्या घामाचे थेंब टपटप माझ्या तळावर पडत. किळस म्हणजे काय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळले. शेवटी त्याने मला आतून-बाहेरून धुऊन कोरडे केले, म्हणून मी ते मनावर घेतले नाही.

तिथून मी एका डेअरीत गेले. त्या दिवसांची आठवण निघाली की माझा ऊर भरून येतो. सकाळ-संध्याकाळ मला कढत पाण्याने धूत. आधी गार पाणी, मग सोडा घातलेले गरम पाणी, मग लांब दांड्याचा ब्रश, मग पुन्हा पाणी. माझ्याभोवतीची फरशीसुद्धा अशी स्वच्छ असे की तिथे बसायला माशीलाही लाज वाटावी. आणि मग दूध. पांढरे, गार, शांत दूध. मी तेव्हा अशी समजूत करून घेतली होती की जग हे असेच असते, धुतलेले आणि झाकलेले. अज्ञानात किती सुख असते पाहा.

त्या डेअरीत एक तपासनीस होते. सगळे त्यांना नाकवाले म्हणत. त्यांचे नाक दिसायला चारचौघांसारखेच होते, शेंड्याला जरा चपटे. पण दुधाच्या पारखीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते झाकण उचलायचे, डावा डोळा मिटायचे, चेहरा आत घालायचे आणि एकच श्वास घ्यायचे. मग म्हणायचे, “ठीक,” किंवा “परत.” तिसरा शब्द नाही. एकदा एका गवळ्याला त्यांनी विचारले, “गाईला कांद्याच्या वाफ्यात कुणी सोडलं होतं?” गवळी खाली मान घालून म्हणाला, “मेव्हण्यानं.” यंत्रे आली, नळ्या आल्या, रंग बदलणारे कागद आले, तरी यंत्राने होकार दिल्यावरही लोक नाकवाल्यांकडे वळून बघायचे. मला त्यांचा फार अभिमान होता. माझ्यासारखाच त्यांनाही घाणीचा तिटकारा होता.

पुढे गावाबाहेर मोठी डेअरी झाली आणि आमची बंद पडली. यंत्रे भंगारात निघाली. नाकवाल्यांची नोकरीही त्याच सुमारास संपली. मला भंगारवाल्याच्या गाडीत चढवायला चार माणसे आली, तेव्हा ते मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, “हिला माझ्या घरी पोचवा.” मला वाटले, सुटले मी. आता उरलेले आयुष्य कुणाच्या तरी स्वच्छ ओसरीवर जाईल.

घरी त्यांची बायको दारात उभी होती. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, डोळे दुखायला लागल्यावर मशीन बंद केले आणि रोपे लावायला लागल्या, अशा त्या बाई. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“आणि ही कुठे ठेवायची? माझ्या डोक्यावर?”

“चांगली टाकी आहे गं. वाया गेली असती.”

“तुम्ही दोघंही वाया गेलेले,” असे म्हणत बाईंनी मला घरामागच्या काचघरात नेऊन ठेवायला सांगितले.

काचघर म्हणजे काचेच्या भिंतींची आणि काचेच्या छपराची लांबट खोली. आत लाकडी फळ्यांवर रोपांच्या कुंड्या. तिथे शेगडी नव्हती, हीटर नव्हता, दिवसा ऊन आत येईल तेवढीच ऊब. बाहेर पाणी गोठवणारी थंडी पडली की रोपे मरायची. पाण्याने भरलेली मोठी टाकी मधोमध असली तर ती दिवसभर ऊन पिऊन घेते आणि रात्री थोडी थोडी ऊब सोडते, असे बाईंनी कुणाकडून तरी ऐकले होते. म्हणून त्यांनी मला भरली. कशाने? नळाच्या पाण्याने. शेजारी खताची पोती, चिखलाचे बूट आणि गोगलगायी. गोगलगाय अंगावरून चालत जाते तेव्हा मागे जी ओली चकचकीत रेघ राहते, तिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.

त्या पाण्यात डासांची पिल्ले झाली. वळवळणारी, डोके खाली करून लोंबकळणारी. आणि त्यांचा बंदोबस्त करायला एका सकाळी बाई झाकणाच्या बादलीतून सोनेरी मासे घेऊन आल्या.

मित्रांनो, तुम्ही काचेच्या भांड्यातले मासे लांबून पाहिले असतील आणि तुम्हाला ते सुंदर वाटले असतील. तुम्ही लांब होता. मी त्यांचे घर आहे. मासा जिथे खातो तिथेच बसतो, तिथेच झोपतो आणि तिथेच सगळे उरकतो. उरकतो तेसुद्धा घाईने नाही. मागे लांबलचक दोरा लोंबत असतो आणि हे महाशय तो मिरवत माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरून येतात. माझ्या भिंतींवर, ज्या भिंतींवर साय धरायची, तिथे हिरवे बुळबुळीत शेवाळ चढले. तळाशी गाळ साचला. शी! वर बाईंचा भाऊ आला की चिखलाचे हात माझ्यात बुडवून धुवायचा आणि “मासे आंघोळ घालतात वाटतं,” म्हणून हसायचा.

खरे सांगायचे तर बाईंच्या हाताखाली त्या घाणीलाही शिस्त होती. त्या नळीने तळाचा गाळ ओढून घेत, जुन्या गोणपाटाने माझे शेवाळ घासत. काढलेले पाणी रोपांना घालत आणि रोपे त्यावर अशी माजत की ओळखीच्या बायका कुंड्या मागायला येत. माशांना खायला देण्याआधी बाई माझ्या काठावर टिचकी मारायच्या. मासे झपकन वर यायचे. सगळ्यांत पुढे एक जाडा, शेपटीला चीर पडलेला मासा असायचा. तो इतरांना ढुशा देऊन रांगेत लावायचा, म्हणून बाईंनी त्याचे नाव मुकादम ठेवले होते. “मुकादम, हजेरी झाली का?” असे त्या विचारायच्या. शिवणाच्या मशीनवर मान मोडून बसण्यात त्यांची वर्षे गेली होती. आता माझ्या काठावर कोपर टेकवून त्या माशांशी गप्पा मारायच्या, तेव्हा मान सरळ आणि चेहरा मोकळा असायचा. मला मुकादम मुळीच आवडत नव्हता. पण बाईंना आवडायचा, आणि ते मला दिसत होते.

आता या घराची एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे त्या रीतीमुळे घडले. या घरात वास घेण्याचे काम नाकवाल्यांचे होते. लग्न झाल्यापासून. दूध टिकले का, कालची भाजी खाण्याजोगी आहे का, ओल लागलेले कपडे पुन्हा धुवायचे का, सगळे त्यांच्या नाकाखालून जायचे. बाई भांडे पुढे करायच्या, ते डावा डोळा मिटायचे, “ठीक” किंवा “फेक” म्हणायचे. बाईंनी स्वतःच्या नाकावर कधी भरवसा ठेवलाच नाही. घरात सोनार असताना सोने कशाला दुसरीकडे दाखवायचे, असा त्यांचा हिशेब. माझे पाणीही त्याच रीतीने तपासले जाई. बाई पत्र्याचा मग पाण्यात बुडवून पुढे करत आणि नाकवाले निकाल देत.

एका हिवाळ्यात नाकवाल्यांना जबर ताप आला. बरे होऊन ते काचघरात आले तेव्हा नेहमीसारखेच दिसत होते, जरा वाळलेले. माझ्याजवळ पालथी बादली टाकून ते ऊन खात बसले, हातात चहाचा पेला. आणि त्यांच्या पाठीमागे, खताच्या पोत्याआड, एक उंदीर मरून पडला होता. ताजा नव्हे. पोट फुगलेला, पातळ झालेला. काचघरात ऊन तापले होते आणि त्या वासाने माझे झाकणसुद्धा कसेनुसे झाले होते. नाकवाले शांतपणे चहात पाव बुडवून खात होते.

बाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. “अगं बाई! शी! काय मेलंय इथे? तुम्हाला येत नाही वास?”

नाकवाल्यांनी पटकन पेला खाली ठेवला. “तेच तर शोधतोय कधीचा,” ते म्हणाले आणि उठून पोती हलवायला लागले.

ते खोटे होते, हे मला कळले. बाईंना कळले नाही. ज्या नाकाने गाईने काय खाल्ले ते सांगितले होते ते नाक मेले असेल, हे कुणाच्या मनात येणार? त्या तापाने त्यांचा वास नेला होता आणि त्यांनी ते कुणालाही सांगितले नव्हते. आयुष्यभर ज्याच्या जोरावर मान मिळाला तेच गेले, हे तोंडाने कसे म्हणायचे? मला त्यांची दया आली. पण मित्रांनो, त्यांनी पुढे जी युक्ती काढली तिची मला सगळ्यांत जास्त किळस आली. शेवाळापेक्षा, उंदरापेक्षाही.

बाई पाण्याचा मग पुढे करायच्या. ते डावा डोळा मिटायचे, ऐटीत श्वास घ्यायचे आणि उजव्या डोळ्याने बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचे. बाईंच्या नाकपुड्या जरा फुगल्या, ओठ जरा मुडपले की हे म्हणायचे, “फेक.” चेहरा सरळ असला की म्हणायचे, “ठीक.” आणि बाई म्हणायच्या, “मलाही जरा वाटलंच होतं हो, पण तुमच्यासारखं मला काय कळणार?” हे मी रोज ऐकत होते. झाकणाखाली माझा जळफळाट व्हायचा. पण मला वाचा नाही.

असे चालून गेले असते. पण पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचे बाळंतपण निघाले आणि बाईंना तिच्याकडे लांब जावे लागले. निघताना त्या शाल गुंडाळून काचघरात आल्या, माझ्या काठावर टिचकी मारली, मुकादमाशी दोन शब्द बोलल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “पाण्याचा वास घेत जा रोज. तुम्ही ठीक म्हणताय तोवर मला घोर नाही. वास फिरला तर मात्र खायला बंद आणि निम्मं पाणी बदला.”

“काळजी करू नको,” नाकवाले म्हणाले.

आता बघायला चेहराच नव्हता. तरी ते रोज सकाळी यायचे, झाकण उचलायचे, डावा डोळा मिटायचे, चेहरा आत घालायचे आणि रिकाम्या काचघरात, एकटेच, मोठ्याने म्हणायचे, “ठीक.” कुणासाठी म्हणत होते कोण जाणे. मग मूठभर खाणे टाकायचे. संध्याकाळी पुन्हा मूठभर. बाईंचे मासे बारीक झालेले त्यांना चालणार नव्हते.

थंडी वाढली. पाणी इतके गार झाले की माशांची भूक मेली. ते तळाशी, मुकाट, कल्ले हलवत राहिले. थंडीत मासे असेच राहतात, त्यांना तेव्हा खाणे नको असते. टाकलेले खाणे फुगून खाली बसले, त्याच्यावर दुसरे बसले, आणि सगळे सडायला लागले. पाण्यावर तवंग आला. गाळातून बुडबुडे यायला लागले, एकेक बुडबुडा फुटला की नासलेल्या अंड्याचा भपकारा. पाणी गोठू नये म्हणून नाकवाल्यांनी प्रेमाने माझे झाकण घट्ट लावायला सुरुवात केली आणि तो सगळा वास माझ्याच पोटात कोंडला. ज्या अंगाला कढत पाण्याची सवय, त्या अंगात हे. मला गुदमरायला झाले. माशांना तर खरोखरच गुदमरायला झाले. ते हवेसाठी वर आले आणि पाण्याच्या वर तोंडे काढून आ वासायला लागले.

नाकवाल्यांनी झाकण उचलले, ते पाहिले आणि त्यांना भरून आले. “भूक लागली होय रे?” ते म्हणाले आणि आणखी एक मूठ टाकली.

त्याच वेळी बाईंचा फोन आला. हात ओले म्हणून त्यांनी तो फळीवर ठेवून मोठ्या आवाजात लावला. लेकीला मुलगी झाली होती, ती अंगावरचे दूध ओढत नव्हती, बाईंची झोप उडाली होती. सगळे सांगून झाल्यावर बाईंनी विचारले, “मासे?”

“मजेत. तोंड वर करून मागतात.”

“थंडीत मागतात?” बाई म्हणाल्या. “असं करत नाहीत खरं तर. वास घेतला ना पाण्याचा?”

“घेतला की.”

“मग?”

“ठीक.”

“मग ठीकच असेल,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मित्रांनो, त्या बाईंना माशांची खडान् खडा माहिती होती. काहीतरी बिनसले आहे हे त्यांनी इतक्या लांबून ओळखले होते. आणि स्वतःचे ओळखणे त्यांनी त्या मेलेल्या नाकापुढे गुंडाळून ठेवले. मला दोघांचाही राग आला.

शेजारी एक बेकरीवाली राहायची. बाई नसताना ती नाकवाल्यांना रोज पाव आणून द्यायची. त्या दिवशी ते घरात सापडले नाहीत म्हणून ती काचघराचे दार उघडून आत आली आणि दोन पावलांत थांबली. कोपराने नाक दाबले. डोळ्यांत पाणी आले तिच्या.

“काका, इथे काहीतरी सडलंय.”

नाकवाले कुंड्या लावत होते. त्यांनी वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, सवयीने, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला.

“किती?” त्यांनी विचारले.

“किती म्हणजे?”

“किती घाण वास येतोय?”

“तुम्हाला येत नाही?”

त्यांनी झाकण पूर्ण उघडले आणि पहिल्यांदाच, वास घेण्याचे नाटक सोडून, आत नीट पाहिले. मुकादम उताणा तरंगत होता. पांढरे पोट वर, तोंड उघडे. बाकीचेही बरेच गेले होते. काही गाळात रुतून आधीच गेले होते आणि नाकवाले समजत होते की खाली झोपलेत. जिवंत उरलेले मोजके मासे कडेला, कललेले, आ वासून.

बेकरीवाली मनाने चांगली होती. तिने नाक दाबूनच नाकवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. “काकूंना सांगा थंडीनं गेले. माझ्या मावशीचेही असेच गेले होते. कुणी काही म्हणणार नाही.”

ती गेल्यावर ते कामाला लागले. दूध हाताळलेला माणूस, त्याला पाण्याचा स्वभाव माहीत होता. नळाचे पाणी थेट ओतले नाही, बादल्या भरून काचघरातच ठेवल्या, माझ्यातल्या पाण्याइतक्या गार होऊ दिल्या. निम्मे पाणी उपसून वाफ्यात टाकले. मग बाह्या सरसावून खांद्यापर्यंत हात त्या बर्फासारख्या पाण्यात घातला आणि गाळ हातानेच काढायला लागले. काळा, चिकट, लिबलिबीत गाळ. त्यात विरघळलेले खाणे, माशांची विष्ठा, एखादा कुजलेला पर, एक सुटा डोळा. मी सांगते आहे तेवढ्यानेही तुम्हाला कसेतरी झाले असेल.

मध्येच ते थांबले. पालथ्या बादलीवर बसले. गाळाने भरलेला तळहात त्यांनी नाकाजवळ नेला आणि श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. नाक जवळजवळ त्या घाणीत बुडवले आणि इतक्या जोरात श्वास ओढला की खोकला आला. त्यांना किळस हवी होती. थोडीशी मळमळ, एक ओकारी, काहीही. काही आले नाही. ते तसेच हात पुढे धरून बसून राहिले आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळले. मित्रांनो, मी जन्मभर किळस करत आले. ती येत नाही म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

काही दिवसांनी बाई परतल्या. सामान दारात टाकले आणि शाल नाकातोंडावरून घट्ट गुंडाळलेल्या तशाच त्या काचघरात आल्या. माझ्या काठावर टिचकी मारली. उरलेले मासे हळूच वर आले. बाईंनी वाट पाहिली.

“मुकादम?”

नाकवाले कुंडीतली माती चाचपत होते. “थंडी फार पडली गं यंदा,” ते म्हणाले.

बाई माझ्या काठावर हात टेकवून म्हणाल्या, “माझंच चुकलं. बिनशेगडीच्या काचघरात मासे ठेवायचे, कुणी सांगितलं होतं नसतं धाडस? हौस माझी आणि जीव त्यांचा गेला. उरलेत ते देऊन टाकू कुणाला तरी. ऊब असलेल्या घरात जातील.”

नाकवाल्यांचे हात मातीत थांबले. खोटे बोलून आपली लाज झाकता येते एवढेच त्यांनी धरले होते. ते खोटे बाईंच्या अंगाला चिकटेल हे त्यांना दिसले नव्हते. मला दिसत होते. बाईंच्या आयुष्यात सरळ मानेने बसायची ही एकच जागा, आणि ती त्या आता स्वतःच्या हाताने मोडणार होत्या. मला वाटले, बोला हो. निदान आता तरी बोला.

बाईंनी सवयीने मग उचलला, बुडवला आणि पुढे केला. “बघा बरं, आता तरी पाणी ठीक आहे का? दुसऱ्याला द्यायचे तर आजारी नकोत द्यायला.”

त्यांनी मग घेतला. डावा डोळा मिटला. श्वास घेतला. उजव्या डोळ्याने बाईंकडे पाहिले. नाकावर शाल, तोंडावर शाल. नुसते दमलेले डोळे दिसत होते, आणि डोळ्यांवरून वास कळत नाही.

“मला वास येत नाही,” ते म्हणाले.

“मग बरंच आहे की. स्वच्छ आहे म्हणजे.”

“तसं नाही. मला कशाचाच वास येत नाही. त्या तापापासून.”

बाईंनी शाल खाली ओढली. “काहीतरीच काय? परवापरवापर्यंत दूध, भाजी, सगळं तुम्हीच तर सांगत होतात.”

“तुझ्या तोंडाकडे बघून सांगायचो.”

बाई म्हणाल्या, “म्हणजे वास मी घेत होते?”

“हो.”

“आणि ठीक तुम्ही म्हणत होतात.”

“हो. मासे थंडीनं नाही मेले गं. पाणी सडलं होतं. ते हवेसाठी वर येत होते आणि मी त्यांना खायला घालत होतो. तुझं काही चुकलं नाही.”

“शी,” बाई म्हणाल्या. ओरडून नाही, हळूच म्हणाल्या. माझ्या आयुष्यात मला, माझ्यातल्या पाण्याला पुष्कळांनी शी म्हटले, पण इतके मनापासून कुणी म्हटले नसेल. त्या वळल्या आणि घरात निघून गेल्या. नाकवाले हातात मग धरून उभे राहिले. आता मासे जाणार, आणि त्यांच्या मागोमाग मी भंगारात, असे मी धरून चालले.

पण बाई परत आल्या. अंगावर जुना झगा, बाह्या कोपराच्या वर. नवऱ्याकडे न बघता त्यांनी माझे झाकण पूर्ण उघडले, वाकल्या आणि स्वतःचे नाक पाण्याला टेकेल इतके खाली नेले. लगेच उसळून वर आल्या, तोंडावर हात दाबला, डोळे गच्च मिटले.

“ओकारी येतेय मला.”

“कसला वास आहे?” नाकवाल्यांनी विचारले.

“घाणेरडा आहे, अजून कसला?”

“तसं नको. नीट सांग.”

बाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहिले. मग पुन्हा वाकल्या. “पाला कुजल्यासारखा. आणि त्याच्या खालून नासक्या अंड्यासारखा.”

“अंड्याचा वरून येतोय की तळातून?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“काठीनं कोपरा ढवळ आणि मग घे.”

त्यांनी ढवळले, घेतला, कोरडी ओकारी दिली, नवऱ्याच्या नाकाला सात पिढ्यांच्या शिव्या घातल्या आणि म्हणाल्या, “तळातून. त्या कोपऱ्यातून.”

“मग तिथे गाळ राहिलाय. सगळं पाणी काढायचं नाही, थोडंच काढू. अजून काय येतंय?”

“अजून कशाला हवंय तुम्हाला?”

“सांग की.”

आणि त्या सांगत राहिल्या. शेवाळाचा ओला वास, गोणपाटाचा कुबट वास, स्वतःच्या हातांना आलेला माशांचा वास. प्रत्येक वेळी नाक मुरडून, प्रत्येक वेळी नवऱ्याला नावे ठेवत. नाकवाले डावा डोळा मिटून उभे होते, डेअरीत उभे राहायचे तसे, फक्त मान माझ्याकडे न वाकवता बाईंकडे वाकवून. अंधार पडेपर्यंत दोघे कोपरापर्यंत घाणीत होते. मासे देऊन टाकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता रोज सकाळी दोघेही येतात. वास बाई घेतात, काय करायचे ते नाकवाले ठरवतात. बाईंचा राग अजून पुरता गेलेला नाही. दूध उतू गेले तरी त्या म्हणतात, “थांबा, आधी माझं तोंड बघून घ्या.” ते ऐकून घेतात. उरलेले मासे धष्टपुष्ट झाले आहेत आणि लांबलचक दोरे मिरवत फिरतात. मला ते अजिबात आवडत नाहीत. आवडतील असेही वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी टाकी असेल, पिंप असेल, हंडा असेल. आम्हाला स्वतःला धुता येत नाही, तेव्हा आम्हाला वेळेवर घासा, तळापर्यंत घासा. आणि कुणी एकटाच रोज झाकण उचलून सगळे ठीक आहे म्हणत असेल, मग तो कितीही जाणता असो, तर तुम्हीही एकदा जवळ जाऊन वाका आणि वास घ्या. घाण वाटेल. वाटू द्या.